साध्या पिंजऱ्याचं काय झालं?

छाजेड मॅडम गेल्या, तेव्हा त्यांच्या उठावण्याला, म्हणजे शोकसभेला, मी जळगावहून धुळ्याला गेले होते. हॉल भरलेला. एका बाजूला पांढऱ्या कपड्यांतली व्यापारी मंडळी, दुसऱ्या बाजूला आम्ही कॉलेजवाले. आमचे जुने प्राचार्य बोलायला उभे राहिले आणि गहिवरून म्हणाले, "मॅडमच्या हाताखाली जे जे शिकले, ते सगळे आयुष्यात पुढे गेले." लोकांनी माना डोलावल्या. माझ्या तोंडून मात्र पटकन निघून गेलं, "आणि जे त्यांच्याकडे शिकले नाहीत, ते मागेच राहिले का? त्यांना विचारलं का कुणी?"

शेजारच्या बाईंनी माझ्याकडे अशा काही नजरेनं बघितलं, की मी मान खाली घातली. पण माझा काय दोष? सवय मॅडमनीच लावलेली. त्या स्वतः तिथं बसलेल्या असत्या, तर प्राचार्यांना मध्येच थांबवून त्यांनी हेच विचारलं असतं, फक्त त्यांच्या शब्दांत. "सर, साध्या पिंजऱ्याचं काय झालं?" मला एकदम हसू आलं आणि त्याच्या पाठोपाठ रडू. रडू वेळेवर आलं म्हणून निभावलं.

हा साधा पिंजरा काय ते आधी सांगते. शकुंतला छाजेड धुळ्यातच नदीपलीकडे देवपूरच्या एका कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवायच्या आणि मी त्यांच्याकडे पीएच.डी. करत होते. आमचं काम असं, की एखाद्या झाडाच्या मुळीचा नाहीतर सालीचा अर्क काढायचा, तो पांढऱ्या उंदरांच्या माद्यांना रोज पाजायचा, आणि त्यानं गर्भ राहायचा थांबतो का ते बघायचं. खेड्यापाड्यातल्या म्हाताऱ्या बायका असले काढे सांगतात. त्यात खरं किती आणि ऐकीव किती, हे कुणीतरी तपासायला हवं की नको? तर एका पिंजऱ्यातल्या माद्यांना अर्क, आणि शेजारच्या पिंजऱ्यातल्या माद्यांना नुसतं पाणी. त्याच वेळी, त्याच नळीनं, तितकंच. नर दोन्हीकडे सारखे, खाणं सारखं, खोली एकच. पुस्तकात याला कंट्रोल ग्रुप म्हणतात. मॅडम म्हणायच्या, साधा पिंजरा. अर्काच्या पिंजऱ्याचा आकडा कितीही सुंदर असू दे, साध्या पिंजऱ्याकडे बघितल्याशिवाय त्या त्याला हात लावायच्या नाहीत.

कॉलेजात असं चालतं, ते ठीक. पण या बाई तो पिंजरा घेऊन गावभर फिरायच्या. स्टाफरूममध्ये कुणी म्हणालं, गुरुवारचा उपवास धरला आणि माझं बीपी उतरलं, की यांचं सुरू. "गुरुवारी कचोरी खाणाऱ्यांचं तपासलं का? त्यांचंही उतरलं असेल. थंडी पडली ना." घरी भावाच्या बायकोनं, भाभींनी, कौतुकानं सांगितलं, नातवाला बुद्धीचं सिरप सुरू केलं आणि त्याचे मार्क वाढले. मॅडम म्हणाल्या, "वर्गातल्या बाकीच्या पोरांचे मार्क आणा." भाभींनी मार्क आणले नाहीत. आठवडाभर मॅडमच्या ताटातल्या भाजीत तिखट मात्र जास्त पडत होतं, असं मॅडमच हसत सांगायच्या.

मॅडमनी लग्न केलं नव्हतं. भाऊ-भाभींबरोबर जुन्या धुळ्यात राहायच्या. घरचं धान्याचं दुकान, पिढ्यांपूर्वी राजस्थानातून आलेलं घराणं, आणि घर पक्कं जैन. धान्याचं दुकान म्हटलं की उंदीर आलेच. पण जीव मारायचा नाही. मग मॅडमचे वडील काय करायचे, तर लाकडी सापळ्यात उंदीर धरायचे आणि नोकराच्या हाती पांझरा नदी ओलांडून देवपुरात सोडून द्यायचे. देवपूरकरांनी त्यांचं काय घोडं मारलं होतं, देव जाणे! आणि पुढे याच घरातली मुलगी नदी ओलांडून त्याच देवपुरात उंदीर पाळायला लागली. मॅडम म्हणायच्या, "बाबूजींनी पाठवलेलेच असणार हे. इकडे येऊन पांढरे झाले, एवढंच."

त्या हसायच्या, पण आतून हे सोपं नव्हतं. चालताना खाली बघून चालणारी बाई, मुंग्यांची रांग दिसली की वळसा घालणारी. दिवस मावळल्यावर पाण्याचा घोटसुद्धा नाही. आणि प्रयोग संपला की उंदीर मारून त्यांची गर्भाशयं तपासावी लागायची. त्या दिवशी मॅडम उपवास करायच्या. ते काम कधी आमच्यावर ढकललं नाही, आणि करताना कुणाशी एक शब्द बोलल्या नाहीत. प्रयोगाला परवानगी देणारी समिती जितके उंदीर मंजूर करायची, त्यातले काही त्या परत करायच्या. "एवढ्यात भागतं. उगाच एकही जीव नको." समाजातले लोक टोमणे मारायचे, घरी पाणी गाळून पितात आणि कॉलेजात जीव घेतात म्हणून. मी एकदा चिडून म्हटलं, "मॅडम, तुम्ही त्यांना उत्तर का देत नाही?"

"असलं तर देईन ना," त्या म्हणाल्या. "मला अजून सापडलेलं नाही, वैशाली. सापडलं असतं तर दोन्हीपैकी एक सोडून दिलं असतं."

त्यांनी एकही सोडलं नाही. पर्युषणाच्या आठ दिवसांत मात्र ॲनिमल हाउसमध्ये नळी नाही, सुई नाही, काही नाही. फक्त दाणा, पाणी आणि साफसफाई. आठव्या दिवशी, संवत्सरीला, जैन माणसं घरोघरी जाऊन एकमेकांची क्षमा मागतात. मॅडम आधी देवपुरात यायच्या. एकेका पिंजऱ्यापुढे उभ्या राहून हात जोडायच्या आणि म्हणायच्या, "मिच्छामि दुक्कडम्." पहिल्या वर्षी मी ते बघितलं तेव्हा मला हसू दाबावं लागलं. आमच्या एरंडोलकडच्या गावात ही गोष्ट सांगितली, तर आई म्हणाली, "ती बाई तरी बरी शे. तूच सांग, उंदरस्ले पोरं व्हवाले नको म्हनीसन इतली शिकनी का तू?"

त्याच पहिल्या वर्षीचा मे महिना मी विसरणार नाही. धुळ्याचा मे म्हणजे काय, हे ज्यांनी काढलाय त्यांनाच ठाऊक. तव्यावर राहतो म्हणा ना आम्ही. एका झाडाच्या पानांचा अर्क चालू होता आणि अर्काच्या पिंजऱ्यात एकही मादी गाभण नाही. एकही नाही! मी नाचायचीच बाकी होते. बातमी कशी कोण जाणे प्राचार्यांपर्यंत गेली. ते स्वतः, घाम पुसत, ॲनिमल हाउसच्या दारात. "मॅडम, अभिनंदन. पत्रकारांना बोलावू या का? खान्देशच्या मातीतलं संशोधन!"

मॅडम पिंजऱ्यांपाशी वाकल्या होत्या. वर न बघता म्हणाल्या, "सर, साध्या पिंजऱ्याचं काय झालं, ते नाही विचारलंत."

साध्या पिंजऱ्यातही एकही मादी गाभण नव्हती. नुसतं पाणी पिऊन! खोलीतला कूलर बिघडला होता आणि दुरुस्तीवाला उद्या येतो, उद्या येतो करत होता. मॅडमनी नर तपासले. उष्णतेनं नरांचं बीज मेलं होतं. माद्या दोन्हीकडच्या ठणठणीत. पाऊस पडून गारवा आला, काही आठवडे गेले, आणि तेच नर पुन्हा बाप व्हायला लागले, अर्काच्या पिंजऱ्यातसुद्धा. पानांचा काडीचाही उपयोग नव्हता.

"सर," मॅडम प्राचार्यांना म्हणाल्या, "यात झाडाचा काही गुण नाही. हा मे महिन्याचा गुण आहे. त्याचं पेटंट मिळतंय का बघा." प्राचार्य आधी लाल झाले आणि मग, भला माणूस तो, इतका हसला की त्याला खुर्ची द्यावी लागली. नवा कूलर मात्र दुसऱ्याच दिवशी आला.

आता ललिताची गोष्ट. मला मॅडम आठवतात त्या हिच्यामुळे, त्यामुळे ती नीट सांगते.

पुढच्या वर्षी आषाढात आम्ही पिंपळनेरकडे गेलो होतो. तिकडच्या एका वस्तीत बायका एका झाडाच्या सालीचा काढा घेतात, मूल लगेच नको असलं की. झाडाचं नाव मी लिहिणार नाही. मॅडमनी बजावून ठेवलंय, वाचून कुणीतरी घरी उकळत बसेल. एक म्हातारी साल दाखवत होती, मॅडम तिच्याशी दुकानातल्यासारखी अहिराणी बोलत होत्या. गल्ल्यामागे बसून शिकलेली भाषा, माझ्यापेक्षा झकास. तेवढ्यात एक तरुण मुलगी मागून पुढे आली. तेवीस-चोवीसची असेल. हीच ललिता.

"मॅडम, तुम्ही हाई थांबाडस का ते देखतस," ती म्हणाली. "पन हाई पेवानं सोडी दिधं, ते परत पोर व्हई का? ते देखतस का?"

तिचं असं झालं होतं. लग्न झालं तेव्हा तिचा नर्सिंगचा कोर्स अर्धा राहिला होता. तो पुरा करायचा म्हणून तिनं गुपचूप हा काढा घेतला. कोर्स झाला, काढा सोडला, पण मूल काही राहिना. सासूला काढ्याचं कळलं आणि घरात आग लागली. "बठ्ठा म्हनतस, हिनी कूस जयी गयी," ललिता सांगत होती आणि पदराचं टोक बोटाला गुंडाळत होती. कूस जळून गेली म्हणे, काढ्यानं. सासूनं ठरवलं होतं, येत्या आखाजीपर्यंत, म्हणजे अक्षय्य तृतीयेपर्यंत, वाट बघायची. नाही तर आखाजीला लेकी माहेरी जातात तशी हिला धाडायची, ती कायमची, आणि मुलाला दुसरी करायची.

 परत येताना गाडीत साक्री मागे पडल्यावर मॅडम म्हणाल्या, "इतकी वर्षं हे काम करतेय. थांबतं का, थांबतं का, एवढंच विचारत आले. सोडल्यावर परत येतं का, हे माझ्या डोक्यात आलं नाही. आणि या पोरीला तेवढंच हवंय."

मग काम सुरू झालं. त्या सालीचा अर्क, दोन पिंजरे, नवा कूलर. अर्क चांगलाच चालत होता. साध्या पिंजऱ्यात पिल्लांचं गोकुळ, अर्काच्या पिंजऱ्यात शांतता. बेत असा होता, की पर्युषणाआधी पहिला टप्पा पुरा करायचा, अर्क देणं संपवायचं, माद्या तपासायच्या. मग नव्या माद्या घेऊन दुसरा टप्पा, त्यात अर्क सोडून वाट बघायची. मॅडमनी दिवस मोजून आखणी केली होती. दरवर्षीच करायच्या, पर्युषण मध्ये येऊ नये म्हणून.

आणि नेमका त्या वर्षी अधिक महिना होता. अधिक महिना आला की सण पुढे सरकतात, हे मॅडमना ठाऊक, म्हणून त्यांनी कामही निवांत, उशिरा सुरू केलं. पण अधिक श्रावण आला की जैनांमध्येच वाद होतात, पर्युषण आधी धरायचं की नंतर. मॅडम समजत होत्या की यंदा उशिरा आहे. त्यांच्या घरच्या पंथानं लवकरचं धरलं. भाभींनी जेवता जेवता सांगितलं, "परवापासून आपलं पर्युषण," आणि मॅडमच्या हातातला घास तसाच राहिला. शहरभर कुणाचीही चूक झाली नाही, ती धुळ्यात एका शास्त्रज्ञ बाईची झाली, आणि तीही घरातल्या घरात!

सकाळी त्या कॉलेजात आल्या त्या उतरलेल्या चेहऱ्यानंच. प्रयोगाच्या ऐन मध्यात आठ दिवस अर्क बंद म्हणजे प्रयोग मातीत. मी म्हटलं, "मॅडम, त्यात काय एवढं? तुम्ही हात लावू नका. मी कुठं जैन आहे? मी पाजते ना अर्क."

"नाही."

"अहो, तुम्ही इकडे येऊसुद्धा नका. तुम्हाला कळणारही नाही."

"वैशाली, स्वतः करणं, दुसऱ्याकडून करवून घेणं, आणि करणाऱ्याला मनातून बरं म्हणणं, आमच्यात तिन्ही एकच. तू करशील आणि मला घरी बसून बरं वाटेल. ते कसं चालेल?"

मी भडकले. सरळ भांडले म्हणा. "आणि ललिता? ती आखाजीची वाट बघतेय, तिचं काय? आठ दिवसांच्या तुमच्या व्रतापायी तिचा संसार गेला तर?"  त्यांचे डोळे भरले होते, ते मला दिसलं, आणि तरी मी पाय आपटत बाहेर गेले. आठ दिवस मी दाणापाणी टाकलं आणि मॅडमशी कामापुरतं बोलले. संवत्सरीला त्या आल्या, पिंजऱ्यांपुढे हात जोडले आणि मग माझ्यापुढेही जोडले. "मिच्छामि दुक्कडम्, वैशाली." मी तोंड फुगवूनच "असू द्या" म्हटलं. रागाला मी मूळचीच पक्की.

दुसऱ्या दिवसापासून अर्क पुन्हा सुरू केला, म्हटलं, जे काय हाती लागेल ते. आणि दोनेक आठवडे जातात न जातात तोच मी सकाळी पिंजरा साफ करायला गेले, तर एका मादीचं पोट दिसतंय. मग दुसरीचं. मी चाचपून बघितलं आणि तशीच धावत स्टाफरूममध्ये. "मॅडम, अर्काच्या पिंजऱ्यात पिल्लं आहेत!"

मॅडमना जिन्यावरून इतक्या वेगानं उतरताना मी त्याआधी कधी बघितलं नव्हतं. आठ दिवस अर्क बंद होता, नर पिंजऱ्यातच होते, आणि तेवढ्यात त्या माद्यांना गर्भ राहिला होता. काही दिवसांनी पिल्लं झाली. बोटाच्या पेराएवढी, गुलाबी, सगळी धडधाकट, साध्या पिंजऱ्यातल्यांसारखीच. मॅडम खाली फरशीवर बसून बघत राहिल्या. एकदा डोळे पुसले. मी म्हटलं, "चला, आत्ता पिंपळनेरला फोन लावते."

"थांब," त्या म्हणाल्या. "हे चुकून झालंय. चुकून झालेल्या गोष्टीवर मी कुणाच्या संसाराचा निकाल देणार नाही. परत करायचं. या वेळी मुद्दाम सोडायचं आणि नीट बघायचं."

मला वाटलं, डोकं आपटावं भिंतीवर. पण केलं. समितीकडून नवी परवानगी, नव्या माद्या. हिवाळाभर. आधी अर्क, मग मुद्दाम बंद, मग वाट. साध्या पिंजऱ्याला पाणी, मग तेही बंद, मग वाट. यात एकही उंदीर मारायचा नव्हता, नुसती पिल्लांची वाट बघायची होती. तोवर मॅडमना मी इतक्या आनंदात काम करताना बघितलं नव्हतं. शिट्टी वाजवायच्या चक्क, तीही बेसूर. आणि गर्भ राहिला. दोन्ही पिंजऱ्यांत सारखा. अर्क सोडला की परत येतं, उंदरांत तरी, हे आता छातीठोक सांगता येत होतं.

आखाजीच्या आत आम्ही पिंपळनेरला गेलो. ललिताच्या घरी ओट्यावर सासू बसलेली, नवरा संतोष नुकताच सुरतेहून आलेला. तिथं कापड रंगवायच्या एका डाइंग मिलमध्ये कामाला होता. मॅडमनी सगळ्यांसमोर सांगितलं, "उंदरांमध्ये बघितलं. काढा सोडला की परत पोरं होतात, आणि चांगली होतात. बाईमध्ये मी बघितलेलं नाही, त्यामुळे बाईचं मला सांगता येणार नाही."

ललिताचा चेहरा आधी फुलला आणि शेवटच्या वाक्याला विझला. सासूनं तेवढंच पकडलं. "मंग! बाईनं सांगता येत नही ना? हिनी कूस जयीच गयी."

मला वाटलं, झालं, एवढी मेहनत पाण्यात. खोटं बोलल्या असत्या तर काय बिघडलं असतं? पण मॅडम शांतपणे सासूकडे वळल्या. "अक्का, एक विचारू? तुमचा पोऱ्या सुरतेत कोणतं काम करतो?"

"बॉयलरवर शे," सासू अभिमानानं म्हणाली.

"बॉयलरवर. आणि घरी कधी येतो?"

"होळीले, दिवाळीले येस. मयनाभर नही ऱ्हात."

मॅडम उठून उभ्या राहिल्या. "म्हणजे बाई वर्षभर एका पिंजऱ्यात एकटी. गडी दुसऱ्या पिंजऱ्यात, तोही भट्टीपुढे. आणि तुम्ही विचारता, पोर का नाही होत? अक्का, माझ्या उंदरांनासुद्धा मे महिन्यात पोरं होत नाहीत हो. माद्या चांगल्या असतात, नरच उकडून निघतात. तुम्ही सगळ्यांनी हिच्याच पिंजऱ्याकडे बघितलं. साध्या पिंजऱ्याचं काय झालं? याला कुणी तपासलं का?"

 संतोषचे कान लाल. शेजारच्या दारात उभी असलेली एक बाई फसकन हसली, आणि मग सासूच्याही ओठाचा कोपरा हलला. "मन्ही माय, हाई ते आम्हले सुचनंच नही," ती म्हणाली. आणि संतोष खाली बघून म्हणाला, "मी येस धुयाले. तपासी ल्या."

मॅडमनी दोघांना धुळ्याच्या एका डॉक्टर बाईंकडे नेलं. ललितात काहीही दोष नव्हता. संतोषचं बीज कमी होतं. डॉक्टर बाईंनी सांगितलं, बॉयलर सोड, बायकोजवळ राहा, आणि काही महिने धीर धर. मिलवाल्यांनी त्याला दुसऱ्या खात्यात घेतलं, ललितानं सुरतेतल्याच एका दवाखान्यात नोकरी धरली आणि दोघांनी खोली घेतली. आखाजीला ललिता माहेरी गेली आणि चार दिवसांत नवराच न्यायला आला. त्यांच्या गावात म्हणे त्याची बरीच थट्टा झाली.

वर्षभरानं मला ललिताचा फोन आला. दिवस गेलेत म्हणून सांगताना तिला हुंदका आवरत नव्हता. मी मॅडमना सांगायला पळाले. तेव्हा त्या निवृत्त होऊन घरी होत्या, गाळणीनं पाणी गाळत होत्या. ऐकलं आणि गाळणी बाजूला ठेवली. मग म्हणाल्या, "एका बाईवरून काही सिद्ध होत नाही." आणि लगेच, "पेढे आण. दोन किलो आण."

पुढच्या वर्षीच्या संवत्सरीला मॅडम नेहमीप्रमाणे देवपुरात आल्या. मी तेव्हा जळगावला नोकरीला लागले होते, पण त्या दिवशी मुद्दाम आले होते. मॅडमचे गुडघे दुखत होते, तरी चढ चढून आल्या. आणि फाटकात रिक्षातून ललिता उतरली, कडेवर सहा-सात महिन्यांची मुलगी. सासूही बरोबर, नवीन लुगडं नेसून. ललिताला ते उंदीर बघायचे होते. "कोनता उंदीरस्नी सांगं व्हतं? पोरले दखाडनं शे," ती म्हणाली. सांगितलं ते उंदीर आता कुठले राहायला? पण पिंजरे तेच होते, आणि नव्या उंदरांवर नव्या मुलींचं काम चालू होतं. त्या आठ दिवसांपुरतं त्यांनीही बंद ठेवलं होतं. आता तो ॲनिमल हाउसचा रिवाजच झालाय.

ललिता सरळ अर्काच्या पिंजऱ्याकडे निघाली. मॅडमनी तिच्या दंडाला धरून तिला वळवलं. "आधी इकडे."

साध्या पिंजऱ्यात एक मादी पाठमोरी बसून मिशा साफ करत होती. तिला आमच्याशी काही देणंघेणं नव्हतं. "हिला आम्ही काहीच देत नाही," मॅडम म्हणाल्या. "पाणी पिते आणि उगाच कोंडून राहते. हिच्यामुळे सगळ्यांचं खरं कळतं. हिची क्षमा पहिली." त्यांनी हात जोडले, डोळे मिटले. ललितानं कडेवरच्या पोरीचे दोन्ही तळवे धरले आणि पिंजऱ्यापुढे जोडले. त्या पोरीला ती टाळ्यांची गंमत वाटली. ती खिदळायला लागली, हात सोडवून पुन्हा टाळी, पुन्हा टाळी. पिंजऱ्यातल्या मादीनं दचकून मागे बघितलं.

मॅडमनी एक डोळा उघडला. "अगं, हळू," त्या पोरीला म्हणाल्या, "तिची क्षमा अजून मागून व्हायची आहे." आणि सासूसकट आम्ही सगळ्या हसत असताना त्यांनी डोळा पुन्हा मिटला, आणि जोडलेले हात थोडे वर करून त्या मादीशी पुढचं बोलत राहिल्या.